मुका स्टिरिओ

नवा स्टिरिओ बसवून झाला, परंतु त्याचा दिवा काही लागेना. गॅरेजवाल्याने फ्यूज बदलला, बॅटरी तपासली, जोड पुन्हा आवळले. सारे पालथ्या घड्यावर पाणी.

"काका, वस्तूच खराब निघाली का?" मुलीने विचारले.

"वस्तू ठणठणीत आहे, ताई. तुमच्या बाबांची गाडीच हट्टी दिसते!"

उभे राहून आईच्या पायांना रग लागली होती. ती चालकाशेजारच्या आसनावर टेकली मात्र, स्टिरिओ एकाएकी गाऊ लागला. दचकून ती उठली, तर पुन्हा मुका!

गॅरेजवाल्याने आसनाची गादी उचलली. तिच्याखाली दारावरच्या घंटीचे एक जुने बटण बसवलेले होते आणि जुन्या टेपची जी तार नव्या स्टिरिओला जोडली होती, ती त्यातूनच नेलेली होती.

"मावशी, हा उपद्व्याप कुणाचा? इथे कुणी बसल्याशिवाय गाणं लागायचंच नाही."

आईने वाकून ते बटण पाहिले. तिचे दिवंगत पती फिरते विक्रेते होते. ते दौऱ्यावरून परतले की ती हटकून म्हणे, "तुमचं बरंय! मी इथे चार भिंतींत, आणि तुम्ही गाणी ऐकत गावभर." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "अगं, तू शेजारी नसलीस की टेप वाजतच नाही." ते ऐकून तिचा राग दुप्पट होई.

"बटण काढून तार सरळ जोडू का, मावशी?"

"नको, राहू द्या," गादीवरून हात फिरवीत ती म्हणाली. "जन्मभर थापाड्या म्हटलं मी त्यांना."