आबांचा वस्तरा

मनगटाला तारा चिकटवलेला हात मांडीवर होता, तोवर पडद्यावरची रेघ सरळ होती. पाण्याचा ग्लास उचलताच ती भराभरा वर-खाली नाचू लागली.

"हा कंपवात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात कामाला लागला की सुटणारा कंप वेगळा. तो बहुधा घराण्यातून येतो. घरी कुणाला होता?"

"वडिलांना," सोपानराव म्हणाले. "पण ते प्यायचे. सकाळी दुकान उघडायच्या आधीच दोन घोट. मी दारूला कधी शिवलो नाही."

"दोन घोटांनी असा कंप तासभर थांबतो खरा. दुकान कसलं?"

"दाढी-कटिंगचं."

सोपानरावांना आपल्या लग्नाची सकाळ आठवली. त्या दिवशी त्यांचे वडील, आबा, नवरदेवाची दाढी करायला वस्तरा घासून उभे होते. तोंडाला वास आला, म्हणून चारचौघांत सोपानरावांनीच वडिलांना बाजूला सारलं आणि परक्या न्हाव्याला बोलावलं. आबांनी मग मरेपर्यंत वस्तरा धरला नाही.

आणि त्या सकाळी तर आबांचा हात जराही हलत नव्हता.

डोळे पुसायला सोपानरावांनी हात उचलला. पडद्यावरची रेघ पुन्हा थरथरली.