खुनाचा सिनेमा

मुलगा गेल्यापासून अमरावतीच्या त्या घरात त्र्यंबकराव वकील आणि त्यांची विधवा सून कुमुद, अशी दोघंच उरली होती. प्रेमाचे सिनेमे त्यांनी तिला बंद केले होते. खुनाचा लागला तेव्हा मात्र स्वतःच म्हणाले, "हा पाहून ये. यात काही वावगं नसेल."

कुमुद गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, मग जातच राहिली.

"रोज काय पाहून राहिली त्यात?"

"खुनी कोण, ते नीट समजलं नाही, मामंजी."

वकिलांना हे पटेना. एका दुपारी ते कोर्टातून परस्पर टॉकीजमध्ये जाऊन बसले. खुनी कोण, ते तर सुरुवातीलाच कळत होतं. पुढे नुसती नायक-नायिकेची गाणी, रुसवे आणि एकमेकांची वाट पाहणं. बायकांच्या बाकांवर कुमुद एकटीच बसली होती. पडद्यावर दोघं हसत होती आणि ती तोंडाला पदर लावून रडत होती.

संध्याकाळी ती वाढायला आली, तेव्हा ताटाकडे पाहतच ते म्हणाले, "कुमुद, तुझ्यासाठी स्थळ पाहू का?"

तिने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"अन् मग तुम्हाला कोण, मामंजी?"