बिनविषारी

प्रमिला गाडीतून उतरली, तर देवराईत ही जत्रा भरलेली! जो तो फावड्याने माती उकरून पांढऱ्या अळंबीची पोती भरत होता. एकाने तिला ओळखलं.

"मॅडम, तुमची कृपा! आता कुठलीही अळंबी डोळे मिटून खावी."

हीच अळंबी खाऊन तिचा धाकटा भाऊ तडफडून मेला होता. म्हणून तिने प्रयोगशाळेत केस पांढरे केले, बिनविषारी वाण घडवला आणि त्याचे बीजाणू वाऱ्यावर सोडले. दोन-चार पावसाळ्यांत रानोमाळचं विष संपलं.

तिची म्हातारी आई वाळलेल्या ऐनाच्या झाडाखाली बसली होती. शेजारच्या खड्ड्यात अळंबीच्या बुरशीचे तुटके धागे लोंबत होते. ते मुळांना पाणी पुरवत आणि मुळं त्यांना साखर देत, असा इथला जुना संसार होता.

"विषाच्या धाकानं इथं कुणी फावडं लावत नव्हतं," आई म्हणाली.

"आई, त्याच विषानं आपला जान्या गेला."

"मला सांगतेस? माझ्याच मांडीवर गेला तो." आईने वर बोडक्या फांद्यांकडे पाहिलं. "परत घाल ते विष."