दोन चमचे साखर

सकाळपासूनचा चौथा तांब्या मी तोंडाला लावला, तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडेच बघत होती.

“सारखी तहान, सारखं बाथरूम, आणि बॅगेत लघवीची बाटली. अहो, डायबेटिस निघालाय ना तुम्हाला? मामंजींना होता तसा?”

“हो,” मी म्हणालो. इतकं सोयीचं खोटं मला स्वतःला सुचलंच नसतं.

खरं असं होतं, की सोमवारी अणुभट्टीत जड पाण्याचा पाइप माझ्यासमोर गळला आणि त्या वाफेतून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी जड हायड्रोजन, माझ्या अंगात गेला. त्याला वास नाही, चव नाही. शरीर त्याला साधं पाणीच समजतं आणि रक्तात, घामात, लाळेत, सगळीकडे फिरू देतं. “भरपूर पाणी प्या, रोज लघवी तपासायला आणा. दहा दिवसांत निम्मा निघून जाईल,” प्लांटचे डॉक्टर म्हणाले होते. बायकोला पाचवा महिना आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते काय म्हणतील, याचीच धास्ती होती.

तिने कारल्याचा रस पुढे केला. मी तो डोळे मिटून संपवला आणि कडू तोंडाने चहाचा कप ओढला. सवयीने दोन चमचे साखर घातली, ढवळली, घोट घेतला.

वर पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“डायबेटिस नाहीये तुम्हाला,” ती म्हणाली. “मग काय आहे ते सांगा. चार दिवस तुमच्याच तांब्यातलं पाणी पितेय मी.”