मधात उतरता येते का?

“मधात उतरता येते का? म्हंजे अर्ध्या वाटेत?” वच्छलाबाईंनी विचारलं, आणि गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. आठवड्यात हा प्रश्न सातव्यांदा आला होता.

फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. त्यात दोन चौकोन. एकात पुण्याहून प्रणित, दुसऱ्यात हैदराबादहून विक्की. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघा पोरांनी ठरवलं होतं, सगळ्या घरानं मुंबईहून क्रूझवर जायचं. तीन रात्री समुद्रात. सुना तयार, नातवंडं तयार. सहा वाजेपर्यंत नावं कळवायची होती. साडेपाच झाले होते आणि आईचं नाव अडकून बसलं होतं.

“उतरता येते न आई,” प्रणितनं ठोकून दिलं. “तुले वाटलं का होडी येते न्यायले.”

“कोणालेबी नेते?”

“कोणालेबी.”

वच्छलाबाईंचं तोंड उतरलं. “मंग राहू द्या. तुम्ही जा. मी इथीच बरी.”

गुणवंतरावांचं निदान पक्कं होतं. बाईला पाण्याचं भेव. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात पॅकिंगला छत्तीस वर्षं काढलेला माणूस. नुसतं पाहून पोत्याचं वजन सांगायचा, त्याला बायकोच्या मनातलं कळायला कितीसा वेळ? आणि बाई घाबरट तर होतीच. गेल्या सोळा ऑक्टोबरला जिल्ह्याच्या ठिकाणच्या दीक्षाभूमीवर जायला पोरं आली, तेव्हा कमी पडेल या भेवानं तिनं तीन दिवस पुरतील एवढ्या कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळल्या होत्या. साहेबाचा फोन आला म्हणून पोरं त्याच दिवशी चारच्या गाडीनं गेली. वड्या गुणवंतरावांनी पुढं आठवडाभर खाल्ल्या.

भेव मोडायला म्हणून मागच्या रविवारी ते तिला अमलनाल्याच्या धरणावर घेऊन गेले. मासे धरणाऱ्या बुधूच्या डोंग्यात बसवलं. डोंगा जरासा डुलला आणि गुणवंतरावांनी सकाळचे पोहे बुधूच्या जाळ्यात सोडले. वच्छलाबाईंनी एका हातानं नवऱ्याची मान धरली, दुसऱ्या हातानं टोपलीतल्या मासोळ्या वरखाली करून अर्धा किलो निवडल्या. घरी आल्यावर गुणवंतरावांनी पोरांना फोन केला. म्हणाले, “तुमची माय लय घाबरली.”

तेव्हापासून पोरं तिला धीर देत होती. जहाजावर रेंज राह्यते का, तिनं विचारलं. फुल राह्यते, प्रणित म्हणाला. साहेबाचा फोन आला तर लागते का? लागते न. जितका धीर मिळे, तितकी आई मागं सरके. शेवटी विक्कीनं जहाजावर हेलिकॉप्टरसुद्धा उतरवलं. त्या दिवशी ती जेवलीच नाही.

“अवो, तू नाई तं मीबी नाई,” गुणवंतराव आता म्हणाले. “अन् आपण दोघंच नाई, तं चाळीस वर्षं काय जहाजवाल्याची मोजाची?”

“थांबा बाबा,” प्रणित म्हणाला. “बुकिंगवाल्या मॅडमले जोडतो. आई, तूच विचार तिले.” आणि त्यानं बापाच्या खिशातल्या फोनवर हळूच मेसेज टाकला. मॅडमला सांगून ठेवलं आहे, सगळ्याला हो म्हणेल.

तिसरा चौकोन उघडला. साक्षी नावाची मुलगी होती.

“बाई, मधात उतरता येते का?”

साक्षीनं प्रणितच्या चौकोनाकडं पाहिलं, मग वच्छलाबाईंकडं. “काकू, मी खोटं नाही सांगणार.”

गुणवंतराव फोन कापायला धावले. घाईत भलतंच बटण दाबलं आणि फोन उताणा पडला. पोरांना आता छताचा पंखा दिसू लागला. आवाज मात्र चालूच होता.

“जहाज सुटलं की तीन दिवस कुणालाच उतरता येत नाही. मध्ये ते कुठं थांबतही नाही.”

“होडी?”

“नाही येत.”

“हेलिकॉप्टर?”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

विक्कीला एकदम खोकला आला.

“साहेबानं अर्जंट बलावलं, तरी नाई?”

“कुणीही बोलावलं तरी नाही. आणि किनारा दिसेनासा झाला की रेंजही जाते. वायफाय आहे, पण ते वेगळं घ्यावं लागतं.”

“ते नको घेऊ,” वच्छलाबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांनी डोळे मिटले. संपलं. आता ही बाई समुद्र तर सोडाच, बोरिंगच्या पाण्यालाही हात लावणार नाही.

डोळे उघडले तर वच्छलाबाई खोलीत नव्हत्या. आतून पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. त्या आधार कार्ड पदरानं पुसत पुसतच बाहेर आल्या.

“लिव माय माह्यं नाव. वच्छला गुणवंत दुर्गे. सगळ्यात पहिलं लिव.”

गुणवंतरावांचा आ वासलेलाच. “अवो, तुले तं पाण्याचं भेव लागते न?”

“मले कायचं भेव?” वच्छलाबाईंनी फोन उचलून पुन्हा बरणीला टेकवला. दोन्ही पोरं समोर आली. त्यांच्याकडं पाहत त्या म्हणाल्या, “दरसाल सकाळी येतेत अन् चारच्या गाडीनं पळतेत. आता पळून दाखवा म्हणा.”