श्रीरंगआजोबांचं वर्षश्राद्ध

२०२२ साली वसईच्या फ्लॅटमध्ये श्रीरंगआजोबांचं वर्षश्राद्ध झालं. मोठ्या कंपनीतून जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले आजोबा जेवताना आधी सगळ्यांना "बसा" म्हणत, मगच स्वतः बसत. नात सुरुचीचा त्यांच्यावर फार जीव. शेवटच्या वर्षी मात्र पाहुणे आले की भूपेशकाका आपल्या या बापाला सांगत, "बाबा, खुर्च्या कमी आहेत, गॅलरीत उभे राहा." तिथेच आजोबा उभ्याउभ्या कोसळले आणि गेले.

श्राद्धाच्या सकाळी विधीला काका नीट बसले होते. कावळा पिंडाला शिवला, केळीची पानं मांडली आणि सगळे पंगतीला बसले. काकांचे गुडघे मात्र वाकेनात.

"अहो, नाटकं पुरे," काकू म्हणाल्या.

दोघांनी खांदे दाबले, तरी काका ताठ.

"सुरुची, तू बाबांची लाडकी ना? सांग त्यांना, मला बसू दे म्हणून!"

सुरुचीने शांतपणे भात कालवला. "वरण गार होतंय, काका. उभ्यानेच जेवा."

पुढे सुरुची लग्न होऊन वटार गावी गेली, सुखात आहे. काकू विरारला माहेरी गेल्या, त्या परतल्या नाहीत. काका अजून आहेत. रात्री त्यांना कुणी आडवं केलं, की मिटल्या डोळ्यांनीच ते सावकाश उभे राहतात.