टीव्हीचा आवाज

बायकांच्या कॅन्सरच्या मोफत तपासणीसाठी सरकारी नर्स कुंभकोणमात दारोदार फिरत होती. फुकट मिळतंय म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, अशी गोपालकृष्णरावांची खात्री. दार अडवून ते तमिळमध्ये म्हणाले, "घरात बाईमाणूस नाही."

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोने, मंगलाबाईंनी, मराठीत विचारलं, "कोण आलंय हो?"

"टीव्ही लावलाय," ते नर्सला म्हणाले. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि ती निघून गेली.

पुढच्या वर्षी तीच नर्स आली, तेव्हा मंगलाबाईंना छातीतल्या गाठीने जाऊन तीन महिने झाले होते.

"घरात बाईमाणूस नाही," गोपालकृष्णराव म्हणाले.

नर्सने संशयाने आत कान दिला.



"आज टीव्ही लावला नाहीत, अय्या?"